आपल्याच चिपवरचा तास

आज कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांच्या हातात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा 'एरीज' सर्किट बोर्ड दिला. आत 'तेजस ३२', भारतात आराखडा झालेला ३२ बिटचा प्रोसेसर. पहिला दिवा लुकलुकला आणि मुलांनी टाळ्याच वाजवल्या.

मग एका मुलीने विचारलं, "सर, मोबाईलमध्ये ३ नॅनोमीटरच्या चिप येतात, मग इस्रोचा रॉकेटसाठीचा प्रोसेसर 'विक्रम ३२०१' १८० नॅनोमीटरवर का?"

उरलेला सगळा तास त्यातच गेला, आणि जायलाच हवा होता. नॅनोमीटरचा आकडा ढोबळमानाने चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचचा, आकार सांगतो; आकडा मोठा तर ट्रान्झिस्टर मोठे. रॉकेट असो वा क्षेपणास्त्र, तिथे थंडी, उष्णता, हादरे सोसून दर वेळी अचूक उत्तर देणारी चिप लागते. मोठे ट्रान्झिस्टर तिथे जास्त भरवशाचे. शिवाय १८० नॅनोमीटरची चिप आपल्या मोहालीतच बनते. बाहेरून आलेल्या चिपमध्ये कुणी छुपं सर्किट घातलं, तर ते शोधणं जवळजवळ अशक्य. ऐन वेळी पुरवठा थांबवला तर वेगळंच संकट!

अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर पुण्यात १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्याचा मला फार अभिमान आहे. पण त्याच्या आतले ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र काम करणारे प्रोसेसर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, हेही मुलांना सांगितलं. ती उणीव भरून काढायचं काम आता सुरू आहे.

आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रोसेसरचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. चौघांनी तो आजच उतरवून घेतला. वाचताना अडाल तिथे विचारा रे, रात्री उशिरापर्यंत जागा आहे मी.