रॉस्किल्डचं मैदान आणि आमच्या खासबागेतले निवेदक

कोपनहेगनहून ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत रॉस्किल्ड नावाचं गाव लागतं, आणि दरवर्षी जूनचा शेवट-जुलैची सुरुवात ह्या दिवसांत तिथं आठवडाभर जो म्युझिक फेस्टिव्हल चालतो त्याचे फोटो मी ग्रुपवर टाकले की कोल्हापुरातनं ठरलेला प्रश्न येतो, "भावा, ह्यातला भारी बँड कुठला?" आता काय सांगणार, शंभराच्या वर बँड असतात आणि त्यातल्या कितीतरी जणांची नावं इथल्या डॅनिश पोरांनीसुद्धा ऐकलेली नसतात. पण गंमत अशी की हाच प्रश्न मला इथली लोकंपण विचारतात, कारण मी फेस्टिव्हलला व्हॉलंटियर म्हणून खाण्याच्या स्टॉलवर उभा असतो आणि रांगेत थांबलेल्या माणसाला वेळच वेळ असतो.

आधी थोडं फेस्टिव्हलबद्दल. 1971 साली शाळेत शिकणाऱ्या दोन पोरांच्या डोक्यातनं हे निघालं, पुढं ते एका ना-नफा संस्थेकडं गेलं, आणि आजही जो पैसा उरतो तो दान होतो. काम करणारे जवळपास सगळे आमच्यासारखे फुकटे, म्हणजे शिफ्ट करायच्या आणि बदल्यात तिकीट, असे हजारो जण. सगळी मिळून लाखाच्या वर माणसं जमतात, जोतिबाची चैत्र यात्रा ज्यानं बघितलीय त्याला गर्दीचं काय वाटणार नाही म्हणा. मुख्य स्टेजवर एक मोठं केशरी कापडी छत आहे, ते ह्यांनी 1978 ला विकत घेतलं, त्याआधी ते रोलिंग स्टोन्सच्या युरोप टूरला वापरलेलं होतं. पण मला त्या स्टेजचं फार कौतुक नाही. सुरुवातीचे काही दिवस मोठी स्टेजं बंद असतात आणि छोट्या स्टेजवर नवी पोरं वाजवतात, खरा माल तिथं असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण एवढीच की ह्या नव्या पोरांची ओळख करून द्यायची कशी. ॲप उघडलं की प्रत्येक बँडखाली चार ओळी असतात, आणि त्या चार ओळींत "स्वप्नाळू", "गूढ", "भारून टाकणारा साउंड", असलीच विशेषणं, एका बँडखालची ओळ उचलून दुसऱ्याखाली चिकटवली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. नाहीतर मग "तुम्हाला अमका आवडत असेल तर हेपण आवडेल". अरे पण अमकाच ऐकलेला नसेल तर? स्टेजवर तर बहुतेक वेळा कुणी काही बोलतच नाही, बँड येतो, वायरी जोडतो, सुरू. (आपल्याकडं ह्याच्या बरोबर उलटं, निवेदक, मग सत्कार, मग श्रीफळ, मग प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द, तोवर ड्रमर चहा पिऊन परत येतो.)

मला ह्या बाबतीत आमचे कुस्तीचे निवेदक लई मानावेसे वाटतात. लहानपणी मामा खासबागेत घेऊन जायचा, शाहू महाराजांनी युरोपात रोमचा आखाडा बघून येऊन बांधून घेतलेलं मैदान, 1912 चं, चारी बाजूनं उतार, कुठंही बसा कुस्ती दिसणारच. तिथं माईकवरचा माणूस पैलवान आत आला की "जबरदस्त", "अप्रतिम" असलं काही सांगत बसायचा नाही. कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या मैदानात कुणाला कसं पाडलं, आणि हा गडी ढाक मारतो का घिस्सा, की दमवून दमवून शेवटी एकचाक लावतो. ज्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही त्यालापण मग कुठं बघायचं ते कळतं, पायाकडं की मानेकडं. बँडची ओळख मी तशीच करून देतो. गाव कुठलं, वाजवतात कशावर, डाव कुठला आणि तो कधी पडतो.

परवाच्या शिफ्टला साठीच्या पुढचे एक आजोबा रांगेत होते, गळ्यात हेडफोन अडकवलेले, बहुतेक नातीचेच, हातात प्रोग्रॅमचा कागद. संध्याकाळी आठला काय बघू म्हणाले. मी म्हटलं इथल्याच ऑर्हूस शहराच्या तीन पोरी आहेत, बेस, गिटार, ड्रम्स, बस. पहिली चार मिनिटं काहीही होणार नाही, बेसवाली एकच सूर धरून बसते, ड्रमवाली नुसती कडेवर टकटक करते, तुम्हाला वाटंल साउंड चेक चाललाय, तेव्हा उठून जाऊ नका. पाचव्या मिनिटाला गिटारवाली पायाखालचं पेडल दाबते, आणि गिटारीचा आवाज एकदम फाटतो. त्याच्या आत इयरप्लग घाला आणि पुढं गर्दीत न जाता साउंडवाल्याच्या टेबलामागं उभे राहा, कारण तो स्वतःला जे ऐकू येतं त्याच्यावरच सगळं ॲडजस्ट करत असतो, मैदानात सगळ्यात स्वच्छ आवाज तिथंच मिळतो. दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा परत आले. छान होतं वगैरे काही नाही, डॅनिश माणूस तो. फक्त कागद पुढं केला, "आज कुठला?"

तर आता ग्रुपवाल्यांसाठी, ज्यांची नावं सगळीकडं सापडतील असे काही गडी सांगतो.

मोगवाई. गाव ग्लासगो, 1995 पासून. गायक जवळजवळ नाहीच, गिटारीच बोलतात. डाव असा की इतकं हळू वाजवायचं की माणूस कान देऊन पुढं झुकतो, आणि मग एकदम सगळं अंगावर. मामाला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं, तीन मिनिटांनी म्हणाला, "गाणं कधी सुरू होणार रे?"
"मामा, गाणंच चाललंय."
"मग म्हणणारा कुठाय?"
"म्हणणारा नसतोच ह्यात."
"मग आधी सांगायचं की लेका, मी मघापासनं त्याचीच वाट बघतोय!"
बघा, एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर म्हाताऱ्यानं निवांत ऐकलं असतं. ह्यांचं अजून एक, 2021 ला ह्यांचा अल्बम ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेला, तोही स्वतःच्या छोट्या लेबलवर (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी), पंचवीस वर्षं वाजवल्यावर. विषय हार्ड.

स्लोडाइव्ह. इंग्लंडमधलं रेडिंग, 1989. तीन गिटारी आणि प्रत्येकाच्या पायाशी पेडलांचा पसारा, त्यामुळं वाजवताना सगळे खाली मान घालून उभे. गाण्याचे शब्द मुद्दाम गिटारीच्या आवाजात बुडवलेले असतात, ते शोधत बसू नका. नव्वदच्या दशकात तिकडच्या पेपरवाल्यांनी ह्यांची यथेच्छ टिंगल केली, 1995 ला लेबलनं काढून टाकलं, बँड बंद. 2014 ला परत एकत्र आले तर समोर कोण, तर बँड बंद पडला तेव्हा जन्मलीपण नव्हती अशी पोरं.

तिनारिवेन. सहारातले तुआरेग लोक, उत्तर मालीचे, पण बँड जमला तो परागंदा असताना, अल्जीरिया आणि लिबियात. म्होरक्या इब्राहिम अग अल्हाबिब ह्यानं लहानपणी पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची वायर ह्यातनं बनवली होती. इथं धमाका वगैरे नाही, टाळ्यांवर ताल धरलेला आणि गिटार तेच तेच फिरून फिरून वाजतं, दहा मिनिटांनी आपली मान आपोआप हलायला लागते. भजनाला बसणाऱ्या लोकांना हा बँड पहिला ऐकवा.

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड, मेलबर्न. नाव ऐकून हसू नका. 2017 ह्या एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातला एक फुकट सोडून दिला की घ्या, ज्याला पाहिजे त्यानं छापून विका. त्याच वर्षी गिटारीवर नेहमीच्या पट्ट्यांच्या मधे जास्तीच्या पट्ट्या बसवून एक अख्खा अल्बम वाजवला, म्हणजे दोन स्वरांच्या मधले स्वर. कोल्हापूरच्या देवल क्लबात शास्त्रीय गाणं ऐकत बसणाऱ्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही, पण बाकी रॉकवाल्यांना जरा बेसूर वाटतं, आणि तेच ऐकण्यासारखं आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर दिल्लीचा ब्लडीवूड, ढोल आणि बासरी घेऊन मेटल वाजवतात, 2019 ला जर्मनीत वाकनच्या मेटल फेस्टिव्हलला जाऊन आले. मला ते ऑफिसातल्या डॅनिश पोरीनं दाखवले, आता काय बोलायचं. आणि मराठीत अभंग रिपोस्ट आहेच, तुकोबांचे अभंग बेस आणि ड्रम्सवर, ते तुम्ही माझ्याआधी ऐकले असतील.

कोपनहेगनचाच आइसएज राहिला, त्यांच्यावर वेगळं लिहितो, कारण तो गायक स्टेजवर जे करतो ते चार ओळींत बसत नाही.

आणि एक, हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून "काय मजा नाय" असा मेसेज करू नका. बेस त्यात येतच नाही. कुणाकडनं तरी बरे हेडफोन मागून घ्या, नाहीतर गणपतीच्या मंडळाचा साउंड सिस्टीमवाला ओळखीचा असेल तर सीझन नसताना त्याच्या गोडाऊनवर जा, मोगवाई लावा, आणि शेजारच्यांना आधी सांगून ठेवा.