दहा लिटरचा रविवार

वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला मासोळीसाठी गळ टाकायला जाऊन यायचं म्हणजे आमच्या जुन्या गाडीला दहा लिटर पेट्रोल लागतं. नागपूरच्या सक्करदऱ्याहून कुही, वेलतूर करत जाऊन-येऊन 150 किलोमीटर, 15 चं अ‍ॅव्हरेज, 2025 च्या भावानं लिटरमागे 104 रुपये. गरी पाण्यात पडायच्या आधीच हजार रुपये गेलेले असतात. वरून तर्री-पोहे, चहा, माशांसाठी ढेप आणि कणीक. मंडळींचा तंबाखू-सुपारीचा खर्रा मी हिशेबात धरत नाही. धरला तर पेट्रोलच स्वस्त वाटायचं.

चार जण असले की अडीचशे-पावणेतीनशेत प्रत्येकाच्या वाट्याचं पेट्रोल निघतं. पण चार जण जमतच नाहीत आता.

ज्याला विचारावं तो पेट्रोलच्या नावानं बोटं मोडतो. मला ते काही पटत नाही. एप्रिल 2022 मध्ये आपल्या नागपुरात पेट्रोल 120 च्या घरात होतं. मग मे महिन्यात केंद्रानं 8 रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, जुलैत राज्यानं व्हॅट 5 रुपयांनी उतरवला, मार्च 2024 मध्ये आणखी 2 रुपये कमी झाले. तेव्हापासून 2025 पर्यंत भाव 104 च्या आजूबाजूलाच बसून होता. म्हणजे 120 चं पेट्रोल टाकून आम्ही हसत-खेळत अंभोऱ्याला जात होतो, आणि 104 चं परवडत नाही म्हणून घरी बसून राहिलो. मग महाग काय झालं?

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक उमरेड, कुही, भिवापूरकडचं. शेतकऱ्याची मोटर जळली की तो बसनं, नाहीतर कुणाच्या गाडीवर मागं बांधून ती घेऊन येतो. 2025 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल होता. बाजारात मात्र त्याच्या बरंच खाली विकलं गेलं, आणि अतिपावसानं बऱ्याच जणांच्या हाती विकायलाही धड काही आलं नाही. अशा वर्षी माणूस मोटर आणतो, खर्च विचारतो, "पैसे आले की सांगतो भाऊ" म्हणतो, आणि मोटर माझ्याच दुकानात पडून राहते. तांब्याची तार महागलेली, त्यामुळे मजुरी वाढवायची सोय नाही. त्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. शेतकऱ्याला दहा टक्के भरून नवा पंप मिळतो, पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. त्याच्यासाठी हे उत्तमच आहे, मी शेतकरी असतो तर रांगेत पहिला असतो. पण माझ्या बाकावर त्याचा पंप आता पाच वर्षं येणार नाही.

बाकीच्यांचंही असंच. एक जण बुटीबोरीला कारखान्यात आहे, त्याचा ओव्हरटाइम बंद झाला. नुसत्या पगारात घर चालतं, मासोळी नाही. दुसऱ्यानं गाडीला सीएनजी किट बसवलं, तेही नेमकं अशा वेळी की 2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपये झाला, देशात सगळ्यात महाग. पाइपलाइन नव्हती, गॅस टँकरनं दुरून यायचा. तेव्हापासून आम्ही त्याला पैशाचा सल्ला विचारत नाही.

बायकोचं म्हणणं सरळ आहे. "अहो, हजार रुपयांत भोईपुऱ्यातून किती किलो रोहू येईल, सांगा बरं." येईल. साफ करून, तुकडे पाडून येईल. पण तिथली रोहू-कटला बरीचशी आंध्रातून बर्फात बसून येते, तिलाही डिझेल लागतंच, एवढंच मी म्हणतो. ती हसते आणि विषय संपतो. खरं सांगायचं तर अंभोऱ्याहून रिकाम्या हातानं परतणं मला नवीन नाही. कधी शिंगाडा मासा लागतो, नशीब असलं तर मरळ. किलोच्या भावात मोजायचं असेल तर या छंदाच्या वाट्याला कुणी जाऊच नये.

तसं अंभोऱ्याचं पाणी काही फार पवित्र नाही, चैतन्येश्वराचं देऊळ काठावर असलं तरी. कन्हान तिथं वैनगंगेला मिळते, आणि कन्हानेत आपली नाग नदी आधीच मिसळलेली असते. खाली गोसेखुर्दनं सगळं अडवलंय. म्हणजे आम्ही हजार रुपये टाकून जिथं पोचतो, तिथं आमच्या मोहल्ल्याचं सांडपाणी आमच्याआधी फुकटात पोचलेलं असतं.

तिथल्या ढिवर मंडळींपुढे मात्र माझं रडगाणं गायला लाज वाटते. डोंगा वल्ह्यानं चालतो, त्याला पेट्रोल लागत नाही. पण मासोळी नेणारा गाडीवाला जो भाव देतो, त्यातून तो स्वतःचं डिझेल आधीच कापून घेतो. एकानं मला विचारलं होतं, "तुमी एवढे पैसे लावून येता, अन् एकच घेऊन जाता?" मी काय उत्तर देणार. त्याच्याकडूनच दोन किलो विकत घेतली. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सध्या मी मोहगाव झिल्पीच्या तलावाला जाऊन राहिलो. हिंगण्याच्या पुढे, दुचाकीवर जाऊन-येऊन दीड लिटरसुद्धा लागत नाही. पाणी बरं, पण सुटीच्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची जत्रा. कुणीतरी दगड मारून पाहणार, कुणी "काका, लागली का?" विचारणार. पहाटे गेलं तर नऊपर्यंत शांतता मिळते. तलाव मच्छीमार सोसायटीकडे असला तर त्यांना विचारूनच बसायचं, बोटुकली म्हणजे माशांची पिल्लं त्यांनी पैसे भरून सोडलेली असतात. नवख्या पोरांना हे सांगावं लागतं.

22 सप्टेंबर 2025 पासून रॉड आणि गळाच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. आमच्या ग्रुपवर बातमी पडली तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला. रॉड आहेतच हो सगळ्यांकडे, धूळ खात! त्याला पाण्यापर्यंत नेणारं पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट आपल्याकडे 25 टक्के, शिवाय लिटरमागे वेगळा भार.

ग्रुपमध्ये एकाच माणसाला यातलं काही लागू होत नाही. आमचे काका, वय 76, रेल्वेतून रिटायर. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीत तिकीटच नाही. जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळजवळ 15 टक्के वाढलं, ते त्यांना पेपरात वाचून कळलं. फोल्डिंगचा रॉड पिशवीत, डब्यात भाकरी-ठेचा, गणेशपेठ स्टँडवरून लालपरीत खिडकी धरून बसतात आणि वेलतूरला उतरतात. पुढे कुणाच्या तरी गाडीवर. संध्याकाळी ग्रुपवर फोटो: हातात मरळ, मागे अंभोऱ्याचा पूल. खाली लिहितात, "पंच्याहत्तरी गाठा बाबू, मंग सरकारच नेते मासोया पकडाले."

मी 48 वर्षांचा. हिशेब केला तर एसटीनं माझं पूर्ण तिकीट, बायकोचं अर्धं. दोघांचं मिळूनही गाडीच्या पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. तिला विचारलं. म्हणाली, "देवळात जायचं असेल तर येते, तुमच्या बाजूला दिवसभर गप्प बसायला नाही." अंभोऱ्याला दोन्ही आहे, हे मी तिला अजून नीट समजावलेलं नाही.