कालनिर्णयावरचे गोल

दिवाळीच्या आधी माळ्यावरची माझी काळी पेटी खाली काढली. फौजेत राहिलेल्या माणसाच्या घरी ही पेटी असतेच. पत्र्याची, जड, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. माझ्या पेटीवरचा नंबर मी १९८३ साली बंगळूरला ट्रेनिंग सेंटरात स्वतःच्या हातानं रंगवला होता. आता रंगाचे पोपडे उडालेत, पण नंबर वाचता येतो. नाही आला तरी तो पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

पेटीत जुनी घोंगडी असेल, फार तर माझा गरम कोट, असं वाटलं होतं. घोंगडीखाली सुतळीनं बांधलेली एक जाडजूड गुंडाळी निघाली. सोडून बघतो तर कालनिर्णय. १९८८ पासून २००० पर्यंतची. प्रत्येक पानामागं दुधाचा, दळणाचा, रोजगाऱ्यांचा हिशेब. ते नवीन नव्हतं, आपल्याकडं सगळ्याच घरांत कालनिर्णयाच्या पाठीवर दुधाचा हिशेब असतो. पण पुढच्या बाजूला काही तारखांभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढलेले होते. कुठं सलग चाळीस, कुठं वीस, आणि मग महिनेच्या महिने पान कोरं.

मंडळी मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवं, ती टाकू नगासा."

"पण हे गोल कसले?"

"तुमी घरी व्हतासा ते दिस."

मी काही बोललो नाही. तीन दिवस संध्याकाळी चष्मा लावून ओसरीवर बसलो आणि गोल मोजले. ७९७ भरले. १९९६ चं कालनिर्णय त्या गुंडाळीत नाही. त्या वर्षी आम्हाला पठाणकोटला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं आणि ते कॅलेंडर तिकडंच खिळ्याला राहिलं. ते वर्ष सोडलं तर लग्नापासून माझ्या डिस्चार्जपर्यंत साधारण चार हजार दिवस होतात. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस मी घरी होतो. मला हा आकडा माहीत नव्हता. तिला माहीत होता.

मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. ज्यांना माण माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांची चव अजून तोंडात आहे. अण्णा आणि आई खडी फोडायला जायचे आणि मी धाकट्या भावंडांना घेऊन लिंबाखाली बसायचो. आमच्या भागात पोरगं मोठं झालं की दोनच वाटा, एक मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, दुसरी कोल्हापूरला भरतीला. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, ती वाट बंद झाली. १९८३ साली मी कोल्हापूरला भरतीत उतरलो आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून निवड झाली. 'सेवा अस्माकं धर्मः' हे आमच्या कोअरचं ब्रीद. रणगाडा नाही, तोफ नाही. पुढच्या जवानाच्या ताटात भात पोचवायचा, त्याच्या बुखारीत, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीत, रॉकेल पोचवायचं आणि त्याच्या बंदुकीत गोळी. घरातून निघताना सायकलसुद्धा धड येत नव्हती. बंगळूरला उस्तादांनी गिअर, क्लच, ब्रेक असं एकेक करून शिकवलं आणि सहा महिन्यांनी शक्तिमान, म्हणजे फौजेचा ट्रक, हातात दिली.

शक्तिमान जबलपूरच्या कारखान्यात बनायची. तिच्याविषयी लिहायला बसलो तर आजचा दिवस पुरायचा नाही. एवढंच सांगतो की श्रीनगर ते लेह या ४३४ किलोमीटरच्या रस्त्यावर तिनं मला कधी उघड्यावर टाकलं नाही. सोनमर्गहून अंधारात कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, सुटायचा. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर; तिकडं 'ला' म्हणजे खिंड. चढणाऱ्या गाड्यांची वेळ वेगळी, उतरणाऱ्यांची वेगळी, कारण दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जातील एवढा रस्ताच तेव्हा बऱ्याच ठिकाणी नव्हता. पलीकडं गुमरी, मटायन, पांद्रास, द्रास, मग कारगिल. कारगिलनंतर नमिका ला, आणि फोतू ला, साडेतेरा हजार फूट, त्या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा. उन्हाळ्यात घाट उघडला की बर्फ पडेपर्यंत आम्ही सहा महिन्यांचं रेशन वर चढवत राहायचो. पीठ, डाळ, डबाबंद भाजी, रॉकेलची पिपं. थंडीत सकाळी इंजिनाच्या पोटाखाली स्टोव्ह पेटवून तेल पातळ करायचं, मग गाडी खोकत खोकत चालू व्हायची.

ऑगस्ट १९८९ च्या एका चौकटीत कालनिर्णयावर 'मुलगी' एवढंच लिहिलंय. त्यानंतरचा पहिला गोल जानेवारी १९९० मध्ये आहे. थोरली मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती पालथी पडून मान वर करून बघत होती.

फेब्रुवारी १९९२ चं पान मी पुष्कळ वेळ धरून बसलो. एका चौकटीत 'अण्णा' लिहिलंय. त्या वेळी मी लेहला होतो आणि रस्ता बर्फानं बंद होता. हिवाळ्यात तिथून बाहेर पडायचं ते चंदिगडला जाणाऱ्या हवाईदलाच्या विमानानंच, आम्ही त्याला 'कुरिअर' म्हणायचो. तार तिसऱ्या दिवशी हातात पडली. सुभेदार साहेबांनी तासाभरात सुट्टीचा कागद केला, पण ढग हटेनात. रोज पहाटे बिस्तरा बांधून धावपट्टीजवळ जाऊन बसायचो आणि दुपारी परत यायचो. सहाव्या दिवशी विमान उडालं. चंदिगडहून अंबाला, अंबाल्याला झेलम एक्सप्रेस, दौंड, तिथून एसटीनं फलटण, मग मोगराळे घाट चढून गाव. घरात पाय ठेवला तो चौदावा दिवस. तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. अग्नी चुलतभावानं दिला. आईला सावरणं, पाहुण्यांचं जेवणखाण, भटजी, न्हावी, कर्जाऊ आणलेले पैसे, सगळं त्या पंचवीस वर्षांच्या बाईनं केलं. तेव्हा मला ते दिसलंच नाही, मी माझ्याच दुःखात होतो. आता त्या पानाच्या पाठीवर वाचलं: 'तांदूळ १५ किलो, गूळ ४ किलो, तात्याकडून उसने ७००.' आणि खाली वेगळ्या पेन्सिलीनं, 'तात्याचे फिटले.' ते कशातून फिटले हे मी तेहतीस वर्षं विचारलं नव्हतं. परवा विचारलं. म्हशीचं रेडकू विकून.

ती सातवीपर्यंत शिकली, पण हिशेब असे आहेत की एखाद्या कारकुनानं बघावेत. मनीऑर्डर कुठल्या तारखेला आली, पोस्टमननं चहासाठी काही ठेवून घेतलं का, आईच्या दम्याच्या गोळ्या, थोरलीची फी, १९९३ ला धाकटा झाला तेव्हाचा सुईणीचा खर्च. १९९७ च्या पानांमागं घर आहे. आमच्या तीन खोल्या तिनं बांधल्या. मी पैसे पाठवले, घर तिनं बांधलं. सिमेंटची पोती, सळई किलोवर, गवंड्याची हजेरी, कुठल्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही म्हणून काम थांबलं. स्लॅब पडला त्या दिवशी तिनं गावातल्या पोरांना जिलेबी वाटली, तीही हिशेबात आहे, अडीच किलो. त्या दिवशी मी कुठल्या घाटात होतो ते मला आठवत नाही.

आणि मग १९९९, कारगिलच्या लढाईचं वर्ष.

त्या वर्षी मेच्या शेवटापासून गोल नाहीत, पण प्रत्येक चौकटीत पेन्सिलीचा एक बारीक ठिपका आहे. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की वाईट बातमीची तार आली नाही तर दिवस मावळल्यावर ती ठिपका द्यायची.

मी पत्रात काही लिहायचो नाही. '५६ एपीओ' या फौजी टपालाच्या शिक्क्याखाली एकच मजकूर असायचा, मी खुशाल आहे, आईच्या गोळ्या चुकवू नका, पोरांना अभ्यासाला बसवा. पण शाळेतले गुरुजी पेपर वाचायचे, रेडिओ घरोघरी होता, आणि गावातली आम्ही चौघं तिकडं होतो. तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आम्ही काय करत होतो ते आज लिहितो, कारण तिलाही मी ते नीट कधी सांगितलं नाही. द्रासच्या वरच्या डोंगरांवर शत्रू बसला होता आणि खालचा रस्ता त्याला तळहातासारखा दिसत होता. दिवसा गाडी हलली की गोळा यायचा. म्हणून रात्री जायचं, हेडलाईट बंद करून. आर्मीच्या गाडीला मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलवर पांढरा रंग असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा. पुढच्या गाडीचा तो पांढरा ठिपका बघत चालवायचं. ठिपका डावीकडं गेला की वळण डावीकडं. ठिपका थांबला की थांबायचं. माझ्या मागं तोफेचे गोळे असायचे, बोफोर्सचे, एकेक चाळीस किलोच्या वरचा. शेजारी सहचालक खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगायचा. एका रात्री पांद्रासच्या पुढं गोळा पडला आणि समोरचा पांढरा ठिपका विझला. मी ब्रेक दाबला, इंजिन चालूच. कानात फक्त शिट्टी वाजत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मग ठिपका परत दिसला, हलला आणि पुढं निघाला. धूळ उडाली होती, बाकी काही नव्हतं. मी त्याच्या मागं निघालो.

१३ जूनला द्रासच्या वरचं तोलोलिंग शिखर आपल्या ताब्यात आलं. ते ज्यांनी घेतलं त्यांचं मोल आम्ही रस्त्यावरचे ड्रायव्हर जेवढं जाणतो तेवढं फार कमी लोक जाणत असतील. त्यांच्यामुळं आम्हाला पुन्हा रस्ता मिळाला. परतीच्या फेरीला कधी कधी आमच्याच गाड्यांतून जखमी जवान खाली आणले जायचे. एकदा बाविशीतला एक पोरगा कण्हत होता. मी मराठीत काही पुटपुटलो, तो म्हणाला, "कुठले तुम्ही?" तो मूळचा कोल्हापूरकडचा. मग पूर्ण वाट त्याच्याशी पावसापाण्यावर आणि उसाच्या दरावर बोलत आलो. त्याचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. दर पावसाळ्यात त्याची आठवण येते.

कालनिर्णयावर ते ठिपके ११ ऑगस्टला संपतात. त्या चौकटीत 'पत्र' लिहिलंय.

३१ जुलै २००० ला सतरा वर्षं पुरी करून मी घरी आलो. धाकटा सात वर्षांचा होता. तो मला रोज विचारायचा, "पप्पा, तुमची गाडी कधी हाय?" त्याला वाटायचं मी नेहमीसारखा सुट्टीवर आलोय. मी गेलो की त्याला आईजवळची जागा परत मिळणार होती. डिसेंबर आला तेव्हा त्यानं विचारायचं बंद केलं.

पुढच्या वर्षी माजी सैनिकांच्या जागेतून एसटीत चालक म्हणून लागलो आणि २०२२ पर्यंत, वयाची अठ्ठावन्न भरेपर्यंत चालवलं. एकवीस वर्षांत मोगराळे घाट किती वेळा चढलो-उतरलो त्याला मोजदाद नाही. मला ते काम मनापासून आवडलं. इथं गाडीच्या मागं पोती आणि गोळे नव्हते, माणसं होती. सकाळच्या फेरीला अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवाल्या शाळेच्या पोरी भरायच्या. त्यांचा कलकलाट सुरू झाला की मला गाडी हलकी वाटायची. पोरींपैकी कुणी थांब्यावर दिसली नाही तर मी मिनिटभर थांबायचो, वाहकही घंटी द्यायला घाई करायचा नाही. त्यातल्या दोघी-तिघी आता शिक्षिका आहेत, एक पोलिसात आहे. दहिवडीच्या बाजारात भेटल्या की "काका" म्हणून हाक मारतात.

मुक्कामाची गाडी असली की रात्र परगावी काढायची. कुठं देवळात, कुठं ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, नाहीतर गाडीतच सीटवर. गावातल्या एखाद्या घरून भाकरी-कोरड्यास यायचंच. म्हणजे फौज सुटली तरी महिन्यातल्या कितीतरी रात्री मी घराबाहेरच होतो. म्हणून परवा तिला विचारलं की २००० नंतरच्या कालनिर्णयांवर गोल का नाहीत.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सकाळच्याला येनार हे ठावं व्हतं की. मग मोजायचं कशाला?"

माझी पदकं बिस्किटाच्या डब्यात आहेत. कारगिलच्या ऑपरेशन विजयचं आहे, लांब सेवेचं आहे. धाकटा आता बारामतीला कंपनीत आहे, तो म्हणतो पप्पा, फ्रेम करून भिंतीवर लावू. लावू देत. पण थोरलीला मी सांगितलंय की भिंतीवर जागा उरली तर या गुंडाळीतलं एक पान पण लाव, नोव्हेंबर १९९९ चं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ तारखेला होतं आणि मी ५ ला संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचलो होतो. ५ तारखेचा गोल इतर गोलांसारखा नाही. दोनतीनदा गिरवलाय आणि कागद फाटून पेन्सिल डिसेंबरच्या पानात उतरलीय.

तिला ते दाखवलं. तिनं पान हातात घेतलं, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पेन्सिलीला टोक नव्हतं."