मालवणहून आलेल्या ग्रामोफोनचा गंज काढताना

एचएमव्हीचे १०२ हे चावीवर चालणारे, हातात उचलून नेता येईल असे मॉडेल १९३१ साली बाजारात आले आणि आपल्याकडच्या जुन्या बाजारांत ते अजूनही अधूनमधून पाहायला मिळते. माझ्याकडे आलेले यंत्र मालवणच्या एका घरात कित्येक पावसाळे काढून आलेले होते. पेटीवरचे काळे आवरण बऱ्यापैकी शाबूत होते, मात्र मोटारीचा सांगाडा, स्प्रिंगचा डबा, सगळे स्क्रू, हँडल आणि थाळीची खालची बाजू यांवर तांबडा, पापुद्रे सुटणारा गंज चढला होता. हँडल जेमतेम पाव फेरा घेऊन अडकत असे.

समुद्रकाठचा गंज घाटावरच्या गंजापेक्षा चिवट असतो, कारण खाऱ्या हवेतले क्लोराइड गंजाच्या थराखाली, लोखंडातल्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसते. वरचा थर खरवडून भाग चकचकीत केला, तरी हे मीठ आत राहिले तर पहिल्या दमट दिवशी त्याच जागी पुन्हा तांबडे ठिपके उमटतात. म्हणून गंज काढण्याइतकेच मीठ धुऊन काढणे महत्त्वाचे आहे, हे मी पहिल्यापासून मनाशी ठरवले होते. दुसरी ठरवलेली गोष्ट अशी, की गंज काढताना मूळ धातू आणि त्यावरचा मुलामा शक्य तितका जपायचा. नव्वद वर्षांच्या यंत्राला नव्यासारखे चमकवण्याचा हट्ट मला पटत नाही. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून घासलेले भाग मी पाहिले आहेत. त्यांच्या कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि त्यांवर उपाय उरत नाही.

मोटार उघडण्याआधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेतली आणि अडकलेल्या स्क्रूंवर पातळ तेल सोडून ते रात्रभर मुरू दिले. स्क्रूच्या खाचेत नेमके बसेल असे पाते घासून तयार केल्यावर बहुतेक स्क्रू सहज सुटले. मोटार सोडवण्यापूर्वी स्प्रिंगमधला ताण पूर्णपणे उतरला आहे याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. अर्धवट भरलेली स्प्रिंग डब्यातून सुटली तर बोटे कापू शकते. त्यामुळे चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

सुट्या झालेल्या भागांची मी धातूनुसार विभागणी केली. चुंबकाला घट्ट चिकटणारे पोलादी भाग एका बाजूला, पितळेच्या चकत्या आणि बुश दुसऱ्या बाजूला, आणि जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग पूर्णपणे वेगळे. त्या काळच्या अनेक साउंडबॉक्सांची, म्हणजे सुईची कंपने आवाजात बदलणाऱ्या डब्यांची, घरे याच मिश्रधातूची असतात आणि आम्ल त्यांना झपाट्याने खाते. गंजाच्या एकाच द्रावणात सगळे यंत्र बुडवावे, असा सल्ला मला कोणी दिला असता तरी मी तो मानला नसता.

साध्या पोलादी स्क्रूंसाठी, वॉशरांसाठी आणि सांगाड्याच्या पट्ट्यांसाठी मी सायट्रिक ॲसिड वापरले. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम हे प्रमाण पुरते. दर अर्ध्या तासाने भाग बाहेर काढून दातांच्या ब्रशने घासायचे आणि गंज सुटताच थांबायचे, कारण त्यानंतर आम्ल निरोगी पोलाद खाऊ लागते आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. बाहेर काढलेले भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्ल मारले. त्यानंतर बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात ते भिजत ठेवले आणि मीठ निघून जावे म्हणून ते पाणी पुन्हा पुन्हा बदलले. ओले पोलाद काही मिनिटांत पिवळट पडते. म्हणून केस वाळवायच्या यंत्राने लगेच वाळवून, भाग गरम असतानाच तेल लावले.

काही स्क्रूंची डोकी मुळात निळसर काळी होती. आम्लात हा काळा थर गंजाबरोबरच विरघळतो, म्हणून त्यांना वेगळी वाट धरावी लागली. सैल गंज झटकून ते स्क्रू डिस्टिल्ड पाण्यात उकळले. उकळत्या पाण्यात उरलेल्या तांबड्या गंजाचे काळ्या, घट्ट धरून राहणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते; वर सुटलेली काजळी मऊ स्टील वूलने पुसून पुन्हा उकळले, की रंग अधिक एकसारखा होतो. बंदुकीच्या नळ्यांना काळा रंग देण्याची एक जुनी पद्धत याच क्रियेवर आधारलेली आहे. या स्क्रूंचे काम मला सर्वांत समाधान देऊन गेले.

थाळीच्या खालच्या बाजूवर मला गंज काढण्यापेक्षा तो थोपवणे अधिक योग्य वाटले. तो भाग कोणाला दिसत नाही आणि पत्रा आधीच पातळ झालेला होता. येथे मी हिरडा वापरला. हिरड्यात टॅनिन विपुल असते आणि लोखंडाशी संयोग झाला की त्याचा निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड यांपासून शाई करत, त्यामागचे कारण हेच. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतल्या जंगलांतून गोळा होणारा हिरडा पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो. टरफले कुटून स्टेनलेसच्या भांड्यात उकळली, काढा गाळला आणि ब्रशने दोन हात दिले. सकाळपर्यंत तांबडा रंग जाऊन तेथे काळा थर आला होता. त्यावर मेण चोळून ती बाजू बंद केली.

मेन स्प्रिंगला मात्र आम्ल लावायचे नाही, आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून गंज काढण्याची पद्धतही तिच्यासाठी वापरायची नाही. दोन्ही क्रियांत हायड्रोजन तयार होतो, तो कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन पुढे ताणाखाली तुटते. घट्ट होऊन काळ्या डिंकासारखे झालेले ग्रीस मी रॉकेलने सोडवले आणि पृष्ठभागावरचा गंज अतिबारीक स्टील वूलला तेल लावून, पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच घासून काढला. आडव्या ओरखड्यातून तडा सुरू होऊ शकतो. माझ्या स्प्रिंगवर डाग होते, पण नखाला लागतील असे खड्डे नव्हते. तसे असते तर मी ती बदलली असती. ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस लावून ती पुन्हा डब्यात भरली.

मोटारीचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नर या भागावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात, त्यामुळे चकती सरकून गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. ही चकती जिच्यावर सरकते त्या दांड्यावर गंजाचा कण जरी राहिला, तरी ती अडखळते आणि तानेचा सूर डोलू लागतो. दांडा फक्त तेल आणि स्टील वूलने पुसला, कानस कोठेही वापरली नाही. गादीला एक थेंब पातळ तेल दिले.

हँडलवरच्या मुलाम्यातून गंजाचे ठिपके वर आले होते. निकेल लोखंडाचे रक्षण केवळ झाकूनच करते. त्यात सूक्ष्म छिद्र पडले, की तेथले लोखंड उलट अधिक वेगाने गंजते. तेलात भिजवून, चुरगाळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाने हलकेच घासल्यावर ठिपके निघाले, खाली राहिलेले खड्डे तसेच ठेवले आणि मेणाचा हात दिला.

यंत्र जोडल्यावर वेग तपासण्यासाठी ७७ रेघांची स्ट्रोबची चकती थाळीवर ठेवून ती जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवली. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर या रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अगदी जवळ असतो. रेघा आधी मागे सरकत होत्या; वेग जुळवण्याचा काटा थोडा फिरवताच त्या थांबल्या. पूर्ण भरलेल्या चावीवर दहा इंची तबकडीची एक बाजू सूर न ढळता संपली. आता पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असतात, आणि ठेवताना स्प्रिंगचा ताण नेहमी उतरवलेला असतो.