आमची वाटचाल : निवडून दिलेला फोटो

आमची फर्म घोड्यांचे आणि घोडेस्वारीच्या स्पर्धांचे फोटो काढते. हंगाम संपला की लेन्स पुसायच्या आधी आम्ही वर्षभराच्या फायली पुन्हा चाळतो. विकले गेलेले फोटो एकीकडे, पडून राहिलेले दुसरीकडे. निकाल दरवर्षी एकच: पाय बरोबर असलेला फोटो जातो. दुडकीत, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय जोडीने पडतात त्या चालीत, पुढचा पाय पुरता ताणलेला, खूर अजून हवेत, आणि त्याच्या जोडीचा मागचा पायही तितकाच पुढे. किंचित उशीर झाला की धडधाकट घोडा लंगडा दिसतो. आमचे गिऱ्हाईक घोडेवाले. त्यांना ते लांबूनच कळते.

याच बारकाव्यावर फर्म उभी राहिली आणि ज्यांना त्याची किंमत नव्हती त्यांनी ती जवळजवळ बुडवली. एका हंगामात आयोजकांनी स्पर्धांचे हक्क एका नव्या भिडूला देऊन टाकले. तो सेकंदाला २० फ्रेम झोडायचा आणि संध्याकाळी सगळ्या फायली, न निवडता, स्वारांच्या हवाली करायचा. फुकट ते पौष्टिक! कॅन्टरचे, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान चालीचे, एक आवर्तन साधारण अर्ध्या सेकंदाचे. त्यात अशा दहाबारा फ्रेम पडतात. कामाची एक, फार तर दोन. बाकीच्या कचऱ्यातून ती शोधायची कोणी? शिवाय तो वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला की अडथळ्याचे उभे खांब तिरके येतात आणि बंदिस्त रिंगणात एलईडीखाली आडवे पट्टे उमटतात. फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरवर हे बरेच कमी होते, पण त्या भिडूच्या फोटोंतले खांब आम्ही पाहिलेत.

त्या पडत्या काळात एका स्टड फार्मच्या, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मच्या, मालकांनी विक्रीच्या कॅटलॉगचे काम आमच्याकडेच ठेवले. उभ्या घोड्याचा फोटो ज्यांनी काढला नाही त्यांनाच सोपा वाटतो. लेन्स घोड्याच्या पोटाच्या मध्याच्या उंचीवर, अंगाशी काटकोनात, १३५ ते २०० मिमी. ५० मिमीने जवळ गेलात की मधले अंग फुगते आणि पाय आखूड दिसतात. कॅमेऱ्याकडचे दोन पाय बाहेर, पलीकडचे दोन किंचित आत, म्हणजे चारही मोजता येतात. जमीन सपाट आणि कडक हवी. उंच गवतात खूर बुडाले तर खरेदीदाराला खुरातले काही लपवल्यासारखे वाटते. काळा घोडा फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर त्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश स्टॉप. पांढऱ्याला तेवढेच अधिक. कान टवकारून घ्यायचे ते शेवटी. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, पिशवी एकदाच वाजवायची, तिसऱ्यांदा घोडा तिकडे बघतही नाही.

नव्या पोरांना एक सांगतो, विचारले नसले तरी: आधी चाली शिका, मग मोठी लेन्स घ्या. मैदानात शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. बंदिस्त रिंगणात एफ/२.८, १/८०० आणि आयएसओ ६४०० चालेल, फ्लॅश मात्र परवानगीशिवाय कधीच नको. हक्क कोणाचे, उभे कुठे राहायचे, हे कागदावर घ्या.

आता अवजारे. रिंगणातली वाळू सेन्सरवर बसते. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की ठिपके दिसतात. आधी ब्लोअर, मगच सेन्सरच्या मापाचा ओला स्वॅब, एका बाजूने एकच फटका. थेट स्वॅब फिरवला तर तीच वाळू चरे पाडते. लेन्स तिपाईला जोडायच्या पट्ट्याचे स्क्रू हंगामात ढिले होतात, माउंटचे रबर चिरते. दोन्ही आत्ताच बघायचे. बॅटऱ्या अर्ध्या भरून ठेवायच्या, लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या पेटीत.

पुढच्या वर्षी आम्हीही फोटो त्याच संध्याकाळी देणार, पण निवडून. एक जण अडथळ्याच्या पुढे तिरका, साधारण ४५ अंशांत. दुसरा तंबूत निवड करायला. नमुन्याच्या फोटोवरची आमची खूण (वॉटरमार्क) कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही, स्क्रीनशॉट घेणारे कोपरा कापतात. ती घोड्याच्या अंगावरूनच जाईल. प्रत्येक फेरीआधी स्वाराचा क्रमांक टिपायचा आणि सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो घ्यायचा. वेळेत दोन मिनिटांचा फरक पडला की एकाचा घोडा दुसऱ्याच्या अल्बममध्ये जातो. मग बोलणी खावी लागतात. त्या फुकटवाल्याला ती कधीच खावी लागली नाहीत, कारण त्याने कोणाचा अल्बम लावलाच नव्हता.