आमची वाटचाल : बाईंचा गंधार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत २००५ साली आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंतींना गाद्या, एक संगणक, एक माइक, धाकटा भाऊ आणि मी. गिऱ्हाइकं म्हणजे भजनी मंडळं, शाहीर, शाळांची स्वागतगीतं आणि चैत्र यात्रेच्या आधी जोतिबाची गाणी करून घेणारी पोरं. पहिली चार वर्षं हप्ते फेडण्यात गेली, त्यात सांगण्याजोगं फार काही नाही.

सांगायचं आहे ते सूर दुरुस्त करण्याबद्दल, कारण आमच्या धंद्याचं वळण त्यानंच ठरलं.

ऑटोट्यून हे गाण्याचा सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९७ साली. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींचं विश्लेषण करायचे. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आवाजाची कंपनसंख्या ओळखायची आणि जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन बसवायची. हे किती झटक्यात व्हावं, तेही आपण ठरवायचं. एकदम झटक्यात केलं की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तुटते, तिच्या पायऱ्या होतात आणि गळा यंत्रासारखा वाजतो. शेर या अमेरिकन गायिकेच्या १९९८ च्या गाण्यामुळे तो आवाज जगभर गेला. सावकाश केलं तर मात्र ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे सगळा वापर या दुसऱ्या प्रकारचा, आणि अडचणही तिथेच आहे.

आमच्याकडे ते आलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. दहा-दहा वेळा गाऊन घ्यावी लागणारी ओळ दोन टेकमध्ये उरकायची. ‘दादा, जरा ऑटोट्यून मारा की,’ असं लोक सांगायला लागण्याच्या आधीपासूनच मी ते सगळ्यांना न विचारता लावत होतो. चांगलंच करतोय, विचारायचं काय, असं वाटायचं.

मग एक बाई आल्या. आयुष्यभर गाणं शिकवलेलं, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम, सत्तरी ओलांडलेली. मिरजेचा तानपुरा स्वतः जुळवून भूप रागातला एक अभंग गायल्या. त्या रात्री मी सवयीप्रमाणे दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून त्या ऐकायला बसल्या आणि दुसऱ्याच ओळीला त्यांनी तो काढून ठेवला.

‘हा गंधार, हा ‘ग’, कुणाचा?’

‘तुमचाच बाई. जरा सरळ केलाय.’

‘तो वाकडा कधी होता?’

मला उत्तर देता आलं नाही. बाईंनी तानपुरा मांडीवर घेतला, नुसती खर्जाची तार छेडली आणि म्हणाल्या, ‘यातून वर काय निघतंय ते ऐका.’ थोड्या वेळानं ऐकू आलं. त्या तारेतून गंधार आपोआप उमटत होता, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर तो षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, ३८६ सेंटवर पडतो. पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार असतो ४०० वर. मी सॉफ्टवेअर कीबोर्डच्या बारा स्वरांवर ठेवलेलं होतं, त्यानं बाईंचा गंधार १४ सेंट वर ढकलला होता. तानपुऱ्याशी तंतोतंत मिळालेला स्वर मी रात्री बसून बेसूर केला होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी स्वरस्थानं भरता येतात, हे मला माहीत होतं. तेवढी तसदी मी घेतली नव्हती. आणि दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार? तो एका जागी उभाच राहत नाही, त्याला कुठल्या आकड्यावर बसवणार?

त्या दिवशी बाई रागावल्या नाहीत, उलट तासभर बोलत बसल्या. त्यांच्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचा आवाज अति गाण्यानं गेला होता, तो परत आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांच्या दरबारात, इथे कोल्हापुरात, लोकांनी ऐकली ती ही गायकी. १८८३ पासून देवल क्लब ही गाण्याची संस्था चालवणाऱ्या या गावात राहून हे मला माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटलं. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून बाईंचा अभंग वाचला.

तेव्हापासून आमच्या बिलावर ‘स्वरदुरुस्ती’ अशी वेगळी ओळ असते. पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि गाणाऱ्याची सही. पैसे देणाऱ्याची नव्हे, गाणाऱ्याची. न केलेली फाइलही सोबत द्यायचीच. दुरुस्तीच चुकीची, असं मी म्हणत नाही. टेक जोडणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे. बारशाचं गाणं हौसेनं गाणाऱ्या आत्याचा एखादा स्वर सावरला तर कुणाचं काही जात नाही, उलट घरभर आनंद होतो. पण तिला ते ठाऊक पाहिजे.

स्पर्धेसाठी पाठवायचं रेकॉर्डिंग मात्र आम्ही अजिबात दुरुस्त करत नाही. एक वडील मुलीला घेऊन आले होते. ‘बाकीचे सगळे करतात, माझीच पोर मागं का राहावी?’ त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण परीक्षक तिचा गळा तपासणार, आणि मी पाठवणार भलतंच काही. पुढे प्रत्यक्ष फेरीत ती एकटी उभी राहणार, तिथे मी नसणार. ते उठून दुसरीकडे गेले. अशी गिऱ्हाइकं गेली, एका वर्षी तर भाऊ म्हणाला की हा नियम आपल्याला बुडवणार. त्याच सुमारास बाईंनी आपले शिष्य आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली, त्यांच्यामागून आसपासच्या गावांतली भजनी मंडळं आली, आणि आम्ही तगलो.

गेल्या वर्षी एक जण आईच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आला. आई आता नाही. आम्ही फितीची खरखर आणि विजेची घरघर काढली. ‘दोन ठिकाणी सूर हललाय, तो बघता का?’ असं त्यानं विचारलं. सही कुणाची घेणार? मी सूर तसाच ठेवला, त्यालाही ते पटलं.

सध्या एक ऑर्केस्ट्रावाले मागे लागलेत की गणेशोत्सवात स्टेजवर गातागाताच सूर सावरणारी यंत्रणा आमच्याकडून हवी. गायक सही द्यायला तयार आहेत. भाऊ म्हणतो, नियमात बसतंय. समोर बसून ऐकणाऱ्यांना कोण विचारणार, यावर आमचं घोडं अडलंय, आणि मी अजून होकार दिलेला नाही.