आमच्या गावातला एलिमेंटरीचा वर्ग

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले, तेव्हा शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झालेले होते आणि त्यांच्या जागी कोणी आलेलं नव्हतं. आठवी-नववीची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटबद्दल विचारत होती. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा साधारण सप्टेंबरच्या शेवटी होतात. इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला 7, बीला 5 आणि सीला 3. खरं सांगायचं तर बऱ्याच पालकांना या गुणांपुरतंच त्या परीक्षेचं महत्त्व होतं. फॉर्म शाळेने भरले, शिकवणं माझ्याकडे आलं. समाजमंदिरात सतरंजी टाकून सहा मुलांना घेऊन बसले.

पहिल्या वर्षी मी चुकले. वेळ कमी म्हणून गाईड आणलं आणि स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, त्यातली चार चित्रं पोरांकडून घोटून घेतली. बागेतलं कारंजं, बसस्टॉप, फुगेवाला असली. त्या कारंज्यासारखं कारंजं आमच्या पोरांनी कधी पाहिलेलं नव्हतं. परीक्षेत विषय वेगळे आले आणि दोन तासांच्या पेपरात पहिला अर्धा तास ती नुसती कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. सहापैकी दोघं सीवर निघाली, चौघं नापास. त्यातल्या एका मुलाने नंतर ब्रश हातात धरलाच नाही. त्याची नजर चांगली होती. ते मला अजून लागतं.

दुसऱ्या वर्षी गाईड वर्गात आणूच दिलं नाही. सुरुवात वस्तुचित्रापासून केली. समोर पाटावर आमच्या घरचा गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात), दोन वांगी आणि मागे बाबांचा शेला. सगळ्यांनी गंजाचं तोंड पूर्ण गोल काढलं आणि तळाला पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारली. तोंड गोल असतं आणि गंज सपाट जमिनीवर बसतो, हे डोक्यात पक्कं. डोळ्यांना कोणी विचारतच नव्हतं. मग मी हातातली बांगडी काढून एकेकाला दिली. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली की नुसती रेघ दिसते. हात जरा खाली नेला की ती रेघ उघडते, लंबवर्तुळ होतं. आणखी खाली, मांडीशी आणली, की जवळजवळ गोल. म्हणजे आपण वरून बघतो तेव्हा गंजाचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाई घेतो. एक पोरगा कितीतरी वेळ बांगडी खाली-वर करत बसला. त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही, आणि गरजही वाटली नाही.

कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या काढणं) आणि अक्षरलेखन सरावाने येतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कंपासचं टोक ढिलं नको आणि पेन्सिल टोकदार हवी, एवढं रोज सांगावं लागतं. नक्षीकामाला पोळा उपयोगी पडला. बैलांच्या झुली बघून या म्हटलं, तर पोरं कोयऱ्या आणि नागमोडी पट्ट्या वहीत उतरवून घेऊन आली. रंगाचं मात्र भाद्रपदात कठीण असतं. हवा दमट असते तेव्हा कागद लवकर वाळत नाही, पहिला हात ओला असताना दुसरा दिला की रंग पसरतो. घाई करणाऱ्यांचे हात मी अक्षरशः धरून ठेवले.

खरी अडचण वेगळीच होती. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे निंदणाचे, शेतातलं तण काढायचे दिवस. शाळा सुटली की, आणि रविवारी तर दिवसभर, मुली आईसोबत मजुरीला. एका मुलीच्या आईने मला सरळ विचारलं, “ताई, हे चित्रच काढत बसन तं निंदाले कोन जाईन?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची मजुरी बुडवा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? वर्गाची वेळ बदलली, सकाळी सहा ते साडेसात केली.

त्याच मुलीला मी स्मरणचित्राला ‘शेतातलं काम’ हा विषय दिला. तिने कपाशीत वाकलेल्या पाच बायका काढल्या, पाचही पाठमोऱ्या. मी म्हटलं, एखादीचा तरी चेहरा दिसू दे. ती म्हणाली, “ताई, माही पात मांगं राह्यते. मले सगळ्यायच्या पाठीच दिसते.” पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ.

मी रबर खाली ठेवला. नीट बघितलं तर एकही पाठ दुसरीसारखी नव्हती. एकीने लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, एक उकिडवी बसून पुढे सरकणारी, एकीचा डावा हात कमरेवर, ताण आल्यावर ठेवतात तसा. शरीररचनेत चुका होत्या, पाय आखूड पडले होते. ते मी दुरुस्त करून घेतले. पाठींना हात लावला नाही.

दोन दिवसांनी तिची आई तिला न्यायला आली. चित्र भिंतीला टेकवून वाळत होतं. ती दारातच थांबली, मग जवळ येऊन कमरेवर हात ठेवलेल्या बाईवर बोट ठेवलं. “हे तं मीच हाव.” मग उरलेल्या चौघीही तिने पाठीवरूनच ओळखल्या, एकेकीचं नाव घेऊन. परीक्षेआधीचे दोन्ही रविवार तिने पोरीला वर्गाला पाठवलं, आणि मला काही बोलली नाही.

परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. दोन दिवस सकाळच्या एसटीने आम्ही अकरा जण गेलो, मांडीवर रंगपेट्या आणि पाण्याचे डबे घेऊन. निकालात तिला बी मिळाली. यंदा ती इंटरमिजिएटला बसते आहे. वर्ग मी आता जूनमध्येच सुरू करते, पेरणी झाली की लगेच, म्हणजे निंदण लागेपर्यंत निम्मा अभ्यास झालेला असतो. पहिल्या वर्षीच्या त्या मुलाच्या घरी दोनदा जाऊन आले. यंदा त्याचा धाकटा भाऊ येतो.